मधल्या सुट्टीचा खाऊ

जून महिन्यात शाळा उघडल्या की पुस्तके, गणवेश आणि शुल्क यांची चर्चा घरोघर होते. मुलांच्या डब्यातील खाऊ मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो. लाडू, चिक्की आणि फुटाणे यांची जागा रंगीत वेष्टनांतील पदार्थ घेत आहेत. ही सोय मुलांच्या शरीराला कितपत मानवते, याचा विचार आता टाळून चालणार नाही.

अन्नावर प्रक्रिया करणे हेच मुळी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. दळणे, भाजणे, आंबवणे, मोड आणणे या प्रक्रियाच होत. मुगाला मोड आले की कोरड्या दाण्यात नगण्य असलेले क जीवनसत्त्व वाढते. नाचणीचे पीठ आंबवले की त्यातील लोह अंगी लागणे सुलभ होते. येथे प्रक्रिया अन्नाच्या गुणात भर घालते. याउलट गव्हाचा मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकले जातात व त्यांच्याबरोबर तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा नाहीसा होतो. अशा निःसत्त्व पिठात साखर आणि तेल मिसळून बिस्किटे होतात. मक्याचे अथवा तांदळाचे पीठ यंत्रात उष्णतेने व दाबाने फुगवून त्यावर तेल, मीठ आणि मसाला चढवला की कुरकुरीत नळ्या होतात. भूक मरते, पोषण होत नाही. आणि घरची भाजी-भाकरी ताटात तशीच राहते.

सरकार याबाबत अगदीच उदासीन आहे, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ वर्ज्य केले. केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी स्निग्धांश, साखर वा मीठ अधिक असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत निषिद्ध ठरवली. परंतु एक्कावन्नाव्या मीटरवर दुकान असते आणि मुलांना पाय असतात!

म्हणूनच खरा उपाय वेष्टनावर हवा. २०२२ साली प्राधिकरणाने पदार्थांना तारे बहाल करण्याची योजना मसुद्यात मांडली होती. शाळेत तारा शाबासकीचा असतो, हे लहान मूलही जाणते. मग अतिगोड पुड्यावरील एकुलता एक ताराही त्याला बक्षीसच वाटणार नाही काय? चिलीसारख्या देशाने २०१६ पासून असे तारे न देता काळ्या अष्टकोनात ‘साखर अधिक’, ‘मीठ अधिक’ असे स्पष्ट इशारे छापण्याची सक्ती केली. आपल्याकडेही पुड्याच्या दर्शनी भागावर, ठळक अक्षरांत आणि मराठीतून असा इशारा असला पाहिजे.

पहाटे उठून कामावर जाणाऱ्या मातेच्या माथी सारा दोष मारणे अन्यायाचे आहे. पाच रुपयांचा पुडा तिला परवडतो, म्हणून ती तो घेते. तितक्याच पैशांत फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की वा राजगिऱ्याची वडी शाळेतच मिळाली, तर ती नको म्हणणार नाही. शाळा व्यवस्थापनांनी आणि महिला बचत गटांनी हे काम एकत्र येऊन अंगावर घ्यावे. खाऊ निवडण्याचा अधिकार पालकांचाच आहे. पण आत काय आहे हे कळल्याविना केलेल्या निवडीला निवड म्हणणे ही पालकांची निव्वळ फसवणूक होय.