हिरवी वायर तोडू नका

गेल्या रविवारी विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन आटोपले. आम्ही चपला शोधत असताना एक ताई जवळ आल्या. त्या घरी इस्त्रीचे काम करतात. शेजारच्या दोन-तीन चाळींतले कपडे त्यांच्याकडे येतात. म्हणाल्या, "दादा, इस्त्री चावते हो. पावसाळा लागल्यापासून जास्तच. लाकडी पाटावर उभी राहते म्हणून निभावतं."

आम्ही तसेच त्यांच्या खोलीवर गेलो. आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला वस्तीतील एक तरुण सोबत घेतला. त्याने बटण बंद केले, प्लग भिंतीतून काढला आणि मगच उघडला. आत तपकिरी वायर जागेवर होती, निळीही जागेवर. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची वायर मात्र कापून तिला टेप गुंडाळलेली. प्लग ताईंच्या दहावीतल्या मुलाने बदलला होता. तो म्हणाला, "काका, दोन वायरींवर इस्त्री तापते की! तिसरीचं काय काम?"

त्या मुलाला रागावण्याचा अधिकार आम्हाला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या कूलरला आम्ही याच बुद्धीने प्लग बसवला होता. पत्नी पाणी भरायला गेली आणि झटका बसून बादलीसकट मागे पडली, तेव्हा आमची अक्कल ठिकाणावर आली.

तर तिसरीचे काम काय? आम्ही पडलो कारकून, म्हणून जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. फेजच्या वायरने जेवढा करंट आत येतो, तेवढाच न्यूट्रलने परत जातो. वही जुळते. परंतु इस्त्रीच्या आतील वायरचे आवरण उष्णतेने झिजून फेजची तार पत्र्याला टेकली, तर इस्त्रीच्या अंगात २३० व्होल्ट उतरतात. हिरवी वायर जोडलेली असेल आणि घराचे अर्थिंग चांगले असेल, तर हा करंट तिच्या वाटेने इतक्या जोराने जातो की फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. बिघाड झाला हे घराला कळते. हिरवी वायर नसेल, तर तो पत्रा कोणीतरी हात लावण्याची वाट पाहत राहतो. ओली फरशी, अनवाणी पाय, आणि वाट मग आपल्या शरीरातून.

आता रंगांविषयी. आपल्याकडील जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग. जुनी माणसे हेच शिकवतात. पण बाजारातील इस्त्री, कूलर, फ्रीज यांच्या केबलमध्ये बहुधा लाल-काळी सापडत नाही. तेथे तपकिरी ती फेज, निळी ती न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी पट्ट्यांची ती अर्थिंग. पट्टे देण्यात शहाणपण आहे. काही लोकांना, त्यातही पुरुषांना अधिक, लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. पट्टे मात्र त्यांनाही ओळखता येतात.

घोटाळा होतो तो निळ्याचा. इस्त्रीच्या केबलमधली निळी न्यूट्रल असते. परंतु चाळीच्या मीटरखोलीत थ्री फेजची जुनी जोडणी असेल तर लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज, आणि न्यूट्रल काळी. प्लग बसवता आला म्हणून कोणी मीटरखोलीत हात घालू नये.

प्लगच्या आत स्क्रूजवळ इंग्रजी अक्षरे असतात. एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, ई म्हणजे अर्थिंग. ई ची पिन जाड आणि लांब असते, कारण ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. हिरवी वायर इतर दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवावी, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती शेवटी निसटेल. तारेचा एकही केस स्क्रूबाहेर राहू देऊ नये. प्लग नाही म्हणून नुसत्या तारा आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचणारे महाभाग आपल्या वस्त्यांत अजून आहेत. त्यांना काय म्हणावे!

आणि रंगावरही आंधळा विश्वास नको. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव म्हणून काही मानू नका. आधी वायर टाकणाऱ्याने हाताशी आलेला तुकडा वापरलेला असू शकतो. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यास वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे असायला हवे. बटण चालू ठेवून टेस्टर लावला तर तो उजवीकडेच पेटला पाहिजे. टेस्टर चांगला आहे की नाही, हे आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर पाहून घ्यावे.

ताईंच्या खोलीत खरी गोष्ट इथेच उघडी पडली. प्लग नीट झाला, हिरवी वायर जोडली. मग त्या तरुणाने फेज आणि अर्थिंगच्या भोकांत बल्ब लावून पाहिला. तो पेटेना. बोर्ड उघडला तर मागे तिसरी वायरच नाही! सगळ्या चाळीत तशीच स्थिती. घरमालकाचे उत्तर ठरलेले: "इतकी वर्षे चालले ना?"

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांच्या लेकरांनी दोन वायरींची अर्धी वीज मुकाट्याने का घ्यावी?

अर्थिंगच्या मागणीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. चाळीतील भाडेकरूंच्या सह्या झाल्या की घरमालकाकडे जाईल. तोपर्यंत मेन स्विचजवळ आरसीसीबी बसवून घेण्यास ताईंना सांगितले आहे. आत गेलेला आणि परत आलेला करंट ती जुळवून पाहते, आणि ३० मिलीअँपिअरची तफावत दिसताच पुरवठा तोडते. आमच्या कचेरीतील हिशेबनीससुद्धा इतके कडक नाहीत. ती बसेपर्यंत इस्त्री बंद. ताईंचे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दोन घरांनी, ज्यांच्याकडे अर्थिंग तपासून झाले आहे, संध्याकाळी आपली जागा देऊ केली आहे.