पंचनाम्यात न येणारी उपासमार

हिंगोली जिल्ह्यात आषाढ-श्रावणाच्या सुमारास दोन सरकारी खाती आपापले काम इमानाने करीत असतात: कृषी खाते सोयाबीनवरील चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी यांच्या बंदोबस्तासाठी फवारणीच्या शिफारशी प्रसृत करते आणि मत्स्यव्यवसाय खाते जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याची तजवीज पाहते. सेनगाव-औंढ्याच्या काळ्या रानांतून औषधाचा अंश घेऊन जे ओढे खाली उतरतात, त्यांच्याच पाण्यावर ही बोटुकली पोसावयाची असते. तथापि या दोन दप्तरांची गाठ सहसा पडत नाही.

मासे मरून वर आले तर पंचनामा होतो. परंतु नव्या औषधांपैकी काही अशी आहेत की ती माशाला मारीत नाहीत, त्याचा घासच नाहीसा करतात. सोयाबीन-कपाशीवर सर्रास फवारले जाणारे क्लोरअँट्रानिलीप्रोल माशांना व माणसांना फारसे बाधत नाही, आणि २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी-मजूर दगावल्यानंतर हा गुण हलका लेखण्याची छाती कोणाची होणार? मात्र प्रयोगशाळेत लिटरभर पाण्यात त्याचे सुमारे १२ मायक्रोग्रॅम असले, तरी ४८ तासांत निम्मे डॅफ्निया निश्चेष्ट होतात. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शेवाळ खाणारे, जेमतेम तिळाएवढे हे प्राणी कोवळ्या माशांचे अन्न होत. कटला तर मोठेपणीही प्रामुख्याने अशाच प्राणीप्लवकांवर जगतो.

पोटभर शेवाळ मिळत असेल, तर डॅफ्नियाची मादी नरावाचून पिले देत राहते आणि विषाने खचलेली वस्ती काही आठवड्यांत सावरू शकते. आपल्याकडे मात्र फवारणीचा हंगाम आणि गढूळ पाण्याचा हंगाम एकच: चिखलाने प्रकाश अडतो, शेवाळाची वाढ खुंटते, मातीचे कण गाळणीत अडकतात, आणि अशा उपाशी जिवाला विष सोसवत नाही, उलट विषाने अन्न गाळण्याची शक्ती मंदावली, की समोर असलेला घासही त्याच्या पोटात जात नाही. प्रमाण मानलेल्या चाचण्यांत हा योग येत नाही, कारण ४८ तासांची चाचणी उपासमार जाणवण्यापूर्वीच संपते आणि २१ दिवसांच्या प्रजनन-चाचणीत डॅफ्नियांना रीतसर खाऊ घातले जाते. (जपानमधील हानाझातो यांच्या प्रयोगांत कार्बारिल या कीटकनाशकामुळे डॅफ्नियासारखे मोठे प्लवक गेले आणि त्यांच्या जागी इवलेसे रोटिफर माजले, तेव्हा ‘पाण्यात जीव आहेत’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानणे भाबडेपणाचे होय.)

फवारणी बंद करा, असे अळीने पोखरलेल्या सोयाबीनच्या धन्याला सांगणे सोपे नाही, आणि ते माझे म्हणणेही नाही. ओढ्याकाठचा पट्टा फवाऱ्यातून वगळण्याची सक्त ताकीद शिफारशीत ठळकपणे छापावी. आणि पूर्णेवरील सिद्धेश्वर असो वा पैनगंगेवरील इसापूर, बीज सोडण्यापूर्वी बारीक कापडी जाळी पाण्यातून ओढून मोठे प्लवक किती लागतात याची दर पंधरवड्याला नोंद ठेवावी. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. जाळी, साधे सूक्ष्मदर्शक आणि एक कारकून पुरे. ज्या पंधरवड्यात जाळी रिकामी निघेल त्या पंधरवड्यात बीज सोडणे तहकूब करण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यास असावा, आणि ठेक्याची रक्कम भरणाऱ्या मच्छीमार संस्थांना ती नोंदवही मागताक्षणी पाहावयास मिळावी.