मुलांच्या जुन्या वस्तूंची किंमत



मे महिन्याच्या शेवटी आमच्या घरचा माळा रिकामा होतो. या वर्षी तो उतरवला तेव्हा खाली बसायला जागा उरली नाही. लहान झालेले फ्रॉक, दोनदा घातलेली शेरवानी, तीन दप्तरे, बेबी वॉकर, वीस इंची सायकल, नववी-दहावीची पुस्तके. माझी धाकटी जाऊ आणि शेजारच्या भाभी, दोघींच्या घरीही हीच गत. शेवटी ठरले की तिन्ही घरांचे सामान आमच्या ओट्यावर मांडायचे आणि शाळा सुरू होण्याआधी विकून टाकायचे. थोडे पैसे हातात येतील, जूनमध्ये त्यांची गरज असतेच.

किंमती मी एका रात्रीत लिहिल्या. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक वस्तूला टाचणीने लावल्या. आता कबूल करते, त्या किंमती मी वस्तूच्या नव्हे तर माझ्या आठवणींच्या लावल्या होत्या. शेरवानी सव्वीसशेला घेतली होती, म्हणून नऊशे. तिच्यात मुलगा ईदगाहला गेला होता, फोटो अजून भिंतीवर आहे. सायकल बेचाळीसशेची, म्हणून अठराशे. पहिल्या दिवशी अस्रपर्यंत एकशे चाळीस रुपये जमले. बायका यायच्या, वस्तू हातात घ्यायच्या, चिठ्ठी वाचायच्या आणि हळूच खाली ठेवायच्या.

संध्याकाळी गल्लीत बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई बाजारभाव कुठल्याही दुकानदारापेक्षा चांगला ओळखते. तिने गठ्ठा उलटापालटा केला, शेरवानी उजेडात धरली, काखेतली शिवण पाहिली आणि अठरा कपड्यांवर एक स्टीलचा डबा देऊ केला. मला राग आला, जाऊ हसली. पण रात्री विचार केला तेव्हा लक्षात आले की तिने मला सर्वांत खालचा भाव सांगितला होता. बोहारीण देईल तो तळ आणि बाजारात नवी वस्तू ज्या भावाला मिळते ते छत. आपली किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसवायची असते. आपण काय मोजले होते, याचा त्यात काहीच संबंध नसतो.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या बदलल्या. तान्ह्या बाळाची झबली-टोपडी जवळजवळ नवीच असतात, पण बाजारात नवे झबलेही चाळीस रुपयांना मिळते, मग जुन्याला दहाच्या वर कोण देईल? शाळेचे दप्तर मात्र जून महिन्यात अर्ध्या किमतीलाही जाते. स्वेटर मी पुन्हा माळ्यावर टाकले. आपल्या जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि थंडीत उघड्या शेतात राहतात. त्या मुलांच्या अंगावर स्वेटर लागतो तो नोव्हेंबरात. जूनमध्ये तो वीस रुपयांना फुंकून टाकण्यात काय अर्थ आहे?

पुस्तकांचे सर्वांत सोपे. किंमत पुस्तकावर छापलेली असते, तिच्या निम्मी सांगायची आणि पेनने गिरवलेले असेल तर आणखी कमी करायची. आठवीपर्यंतची पुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात, त्यामुळे खरी मागणी नववी-दहावीची. उर्दू माध्यमाची तर मांडताच गेली. एवढे मात्र पाहून घ्यावे की अभ्यासक्रम तोच आहे ना. नववीची पुस्तके २०१७ साली आणि दहावीची २०१८ साली बदलली, तेव्हा कित्येक घरांत जपून ठेवलेले संच एका सुट्टीत रद्दी झाले. असा संच कुणाच्या गळ्यात मारू नये.

दप्तरांवरून माझ्याच मुलाने मला पकडले. एका दप्तराची मोठी चेन मध्येच अडकत होती. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. मुद्दाम केले का? त्या वेळी विचारले असते तर नाही म्हटले असते. मुलगा म्हणाला, "अम्मी, चेन खराब आहे हे चिठ्ठीवर लिहिले नाहीस." पैगंबरांनी (स.) बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली आणि त्यांनी विक्रेत्याला विचारले की हे वर का ठेवले नाहीस, हा प्रसंग मीच वर्गात कितीदा सांगितला आहे. चिठ्ठीवर लिहिले, "चेन अडकते, ६० रुपये." तासाभरात गेले. शिंप्याकडून नवी चेन बसवून घेईन, असे म्हणतच एका बाईने नेले.

वॉकरवरून मात्र आमच्या घरात कुरबुर झाली आणि ती अजून पूर्ण मिटलेली नाही. जावेचा वॉकर अगदी धड होता, साडेतीनशेला गिऱ्हाईकही होते. पण चाकांवरचे मूल डोळ्याचे पाते लवायच्या आत पायरीशी किंवा चुलीशी पोहोचते. आमचे ओटे तर तीन-तीन पायऱ्यांचे. कॅनडात २००४ पासून वॉकरची विक्री बंद आहे. तिकडे अंगणात जुने सामान मांडून विकायची पद्धत आहे, पण तसा वापरलेला वॉकर विकणेही बेकायदेशीर आहे. मी त्याची चाके काढली आणि सांगाडा भंगारात दिला. जाऊ म्हणाली, "भाभी, तुमची वस्तू असती तर मोडली असती का?" प्रश्न रास्त होता. तिला विचारायला हवे होते. दुधाच्या जुन्या बाटल्या आणि बॅटरीचे झाकण सैल झालेली खेळणीही मी बाजूला काढली, त्याबद्दल कुणी काही बोलले नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून नव्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. जुन्या खेळण्याच्या बाबतीत ते पाहणारे आपणच.

आता सायकलची गोष्ट. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

माझ्या शाळेत सहावीत शिकणाऱ्या एका मुलीची आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती मिरचीच्या हंगामात पथारीवर देठ खुडायला जाते, एरवी चार घरची धुणीभांडी करते. मुलगी बरोबर होती. दोघी सायकलपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलीने घंटी वाजवली नाही, फक्त तिच्यावर बोट ठेवले. चिठ्ठीवर अजून आठशे लिहिलेले होते. मला राहवले नाही. ओट्यावर आठ-दहा बायका होत्या, त्या सर्वांच्या देखत मी म्हणाले, "ने ग सायकल. पैसे राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिले, मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "नको टीचर, आम्ही सहज पाहत होतो." आणि गेली.

मला वाटले होते की मी सदका केला. डाव्या हातालाही कळू नये असे ज्याच्याबद्दल आपण शिकतो, तो मी ओट्यावर उभे राहून दहा जणींना ऐकवला. इराणच्या मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या गेल्या, ज्याला नको त्याने कपडा टांगावा, ज्याला हवा त्याने न्यावा. पुढे आपल्या महाराष्ट्रातही 'माणुसकीची भिंत' अनेक शहरांत उभी राहिली. भिंतीला डोळे नसतात, म्हणून तिथून फुकट नेता येते. माझ्या ओट्याला वीस डोळे होते. तिथे किंमत हाच पडदा होता आणि मी तो ओढून काढला.

मगरिबनंतर मी मुलाला तिच्या घरी पाठवले. निरोप असा दिला की सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही, चेन उतरते, पुढची रिम थोडी वाकडी आहे, म्हणून किंमत पाचशे केली आहे, घ्यायची असेल तर सकाळी या. यातले एक अक्षरही खोटे नव्हते. आठशेची चिठ्ठी लावताना मी या दुरुस्त्या धरल्याच नव्हत्या, हे खरे.

ती सकाळी सातला आली, ओट्यावर कुणी नसताना. चाक उचलून फिरवले, ब्रेक दाबून पाहिला.

"रिमला आणि ब्रेकला दोनशे जातील, टीचर. तीनशे देते."

"चारशेच्या खाली नाही," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

"मग तीनशे आता, शंभर पुढच्या शुक्रवारी."

सौदा ठरला. पदराच्या गाठीतून तिने नोटा काढून मोजल्या आणि मीही तिच्यासमोर मोजून घेतल्या. मुलीने या वेळी घंटी वाजवली.

तीन दिवसांत एकूण तीन हजार एकशे साठ रुपये झाले. जावेचे बाराशे चाळीस, भाभींचे आठशे सत्तर, माझे एक हजार पन्नास, त्यात सायकलचे शंभर यायचे होते. जावेला मी वॉकरचे साडेतीनशे देऊ केले, तिने घेतले नाहीत आणि विषयही सोडला नाही. शेरवानी अडीचशेला गेली. ती नेणाऱ्या बाईने विचारले, कुणाची होती? फोटो दाखवला.

शंभर रुपये शुक्रवारी आले. शाळेत मुलीने वहीत घडी करून आणले होते, आणि "अम्मीने मोजून घ्यायला सांगितले आहे," म्हणाली.