गोल्फच्या पंढरीचा सातबारा कुणाच्या नावावर?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आपल्या गावच्या मैदानावरून बैठक झाली. नेहमीप्रमाणे मी वही घेऊन मागच्या बाकावर होतो. विषय असा की मैदान तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचं. चारी बाजूंनी कुंपण, आत टर्फ, रस्त्याच्या कडेला गाळे. एक सन्माननीय सदस्य उभे राहिले आणि म्हणाले, "मोकळी जागा म्हणजे नुसता खर्च. सगळ्यांची जागा म्हणजे कुणाचीच नाही. जागतिक दर्जाचं काही उभं करायचं तर ते खाजगी हातातच द्यावं लागतं." टाळ्या पडल्या.

'जागतिक दर्जा' हा शब्द कानावर पडला आणि मला एकदम स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज आठवलं. तुम्ही म्हणाल, याला काय झालं? मैदानाच्या बैठकीत गोल्फ कुठून आला? सांगतो.

आधी एक कबुली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नवा नवा जिल्ह्याच्या दैनिकात रात्रपाळीला लागलो, तेव्हा दर जुलैमध्ये 'ब्रिटिश ओपन'ची एजन्सीची बातमी यायची. क्रीडा पानावर तीन ओळींची जागा उरली की ती टाकायची. एकदा मी 'लिंक्स' हे गावाचंच नाव समजलो आणि "लिंक्स येथे सुरू असलेल्या स्पर्धेत" असं छापून मोकळा झालो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ, आपला काय संबंध, हीच तेव्हा सगळ्यांची समजूत. माझीही.

नंतर कधीतरी वाचत गेलो आणि कळलं की लिंक्स हे गाव नसून जमिनीचा प्रकार आहे. समुद्र आणि शेती यांच्या मधली वाळूची, उंचसखल पट्टी. कोकणातल्या मंडळींना पुळण म्हटलं की लगेच कळेल. खारा वारा, वरती आखूड राठ गवत, खाली वाळू. नांगर घालून उपयोग नाही, पीक यायचं नाही. म्हणून ती कुणी वाटून घेतली नाही. तिथे मेंढ्या चरायच्या, बाया धुणं वाळत घालायच्या, पोरं खेळायची. वाळू असल्यामुळे कितीही पाऊस पडला तरी पाणी साचत नाही, म्हणून खेळायला उत्तम. खेळाडूंना रडवणारे ते वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, त्यातले बरेचसे वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी अंग घासून घासून केले असं तिथले लोक सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर असे शंभराहून जास्त बंकर आहेत. हे मैदान कुणी एका आर्किटेक्टने कागदावर आखलेलं नाही. वारा, मेंढ्या आणि शेकडो वर्षं खेळणारे लोक यांनी मिळून ते घडवलं. गोल्फचे अठरा होल ही जगभरची पद्धतसुद्धा इथूनच पसरली. आधी एका फेरीत बावीस होल व्हायचे, १७६४ मध्ये त्यांचे अठरा केले.

आता स्पर्धेचं. ओपन चॅम्पियनशिप सुरू झाली १७ ऑक्टोबर १८६० रोजी, स्कॉटलंडच्याच पश्चिम किनाऱ्यावर, प्रेस्टविकला. खेळाडू किती? आठ. बारा होलचं मैदान, एकाच दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. आणि हे आठ जण काही लॉर्ड नव्हते. दुसऱ्याच्या काठ्या वाहणारे, चेंडू बनवणारे, मैदान राखणारे लोक होते. टॉम मॉरिस सेंट अँड्र्यूजच्या विणकराचा पोरगा. पहिल्या वर्षी रोख बक्षीस नव्हतंच. आपल्याकडे कुस्तीत गदा मिळते तसा तिथे लाल कातड्याचा, चांदीच्या बकलाचा मानाचा पट्टा. दुसऱ्या वर्षी जाहीर केलं की ही स्पर्धा सगळ्या जगाला खुली. म्हणून नाव 'ओपन'. पुढे टॉमच्या पोराने, धाकट्या टॉमने, १८६८, ६९ आणि ७० असा लागोपाठ तीनदा तो पट्टा जिंकला आणि नियमाप्रमाणे घरीच नेला. द्यायला पट्टाच उरला नाही, १८७१ साली स्पर्धाच झाली नाही. मग चांदीचा सुरईसारखा चषक आला, क्लॅरेट जग. तो आजही देतात.

सेंट अँड्र्यूजला ओपन पहिल्यांदा झाली १८७३ मध्ये. २०२२ पर्यंत तीस वेळा झाली, इतक्या वेळा दुसरीकडे कुठेच नाही. पण माझा मुद्दा तो नाही. मुद्दा हा की जगभरचे गोल्फवाले ज्या जमिनीला पंढरी मानतात, ती जमीन कुठल्या क्लबची नाही, कुठल्या कंपनीची नाही, कुठल्या शेठची नाही. ती सार्वजनिक आहे.

कागद बघा. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने लिहून दिलेली सनद आहे. या पुळणीवर सशांची पैदास करायची परवानगी त्याला हवी होती. त्या बदल्यात गोल्फ खेळायचा, फुटबॉल खेळायचा, गुरं-मेंढरं चारायचा गावकऱ्यांचा हक्क त्याने मान्य केला. म्हणजे धर्माधिकाऱ्यालासुद्धा गावाला विचारावं लागलं.

आणि आता ऐका, कारण इथेच आपला विषय येतो. १७९७ मध्ये या गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि कर्ज फेडायला तिने ही जमीन विकली. पुढे ती सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हातात गेली. त्यांनी खेळाच्या मैदानात ससे सोडले. जिकडेतिकडे बिळं. गोल्फवाले आणि ससेवाले कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडत राहिले. १८२१ मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने जमीन विकत घेतली. तो स्वतः गोल्फप्रेमी होता म्हणून खेळ वाचला. पण जमीन गावाची झाली नाही. ती परत गावाकडे यायला १८९४ उजाडलं, आणि त्यासाठी ब्रिटिश संसदेत कायदा करावा लागला. विकायला एक ठराव पुरला. परत मिळवायला ९७ वर्षं लागली.

त्यांनी मात्र त्यातून धडा घेतला. १९७४ च्या सुमारास तिथल्या स्थानिक कारभाराची फेररचना झाली, जुनी नगरपालिकाच जाणार होती. तेव्हा या मैदानासाठी परत खास कायदा केला आणि विश्वस्त मंडळ नेमलं. आज तेच मंडळ ओल्ड कोर्ससह सात मैदानं सांभाळतं. ज्या प्रसिद्ध दगडी क्लबहाऊसचा फोटो आपण बघतो तो आर अँड ए क्लब १७५४ चा, पण मैदानाचा मालक तो नाही. त्याचे सभासदही त्या मैदानावर इतरांसारखेच खेळणारे.

खेळायचं कसं? ठरावीक दर्जाचा खेळ येत असेल तर दोन दिवस आधी नाव द्यायचं आणि चिठ्ठी निघते. नशिबात असेल तर ज्या गवतावर टायगर वूड्सने २००० आणि २००५ ची ओपन जिंकली, त्याच गवतावर परवा तुम्ही. गावातल्या रहिवाशांना वर्षाचा पास मिळतो, पाहुण्यांच्या मानाने फारच स्वस्त. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून चक्क सार्वजनिक रस्ता जातो. माणूस चालत आला की खेळाडू थांबतो.

आणि रविवारी ओल्ड कोर्स बंद! खेळाला बंद, लोकांना उघडा. ओपनसारखा मोजका अपवाद सोडला तर रविवारी तिथे लोक कुत्री फिरवतात, आज्या नातवंडांना घेऊन येतात, पोरं गवतावर लोळतात. म्हातारा टॉम मॉरिस मैदान राखायचा, तेव्हा तो म्हणे लोकांना सांगायचा की तुम्हाला विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी आहे.

बाजूलाच पटिंगचं एक छोटं मैदान आहे. त्याचे उंचवटे बघून त्याला नाव पडलं 'हिमालय'. ते चालवतो बायकांचा क्लब, १८६७ पासून. चार पैसे देऊन कुणीही जावं, खेळावं.

म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. पाहुण्याला ऐन मोसमात एका फेरीचे ३०० पौंडांहून जास्त मोजावे लागतात. ज्या आर अँड ए क्लबच्या खिडक्या या सार्वजनिक मैदानावर उघडतात, त्याने बायकांना सभासदत्व द्यायला २०१४ उजाडू दिलं. ओपनमध्ये व्यावसायिक खेळाडूंना कित्येक वर्षं क्लबहाऊसमध्ये पाऊल ठेवू देत नसत. १९२० साली इंग्लंडमधल्या डील इथे अमेरिकेचा वॉल्टर हेगन याने भाड्याची आलिशान मोटार क्लबच्या दारात उभी केली आणि तिथेच कपडे बदलले! मुइरफील्डच्या क्लबने २०१६ मध्ये बायकांना नकार दिला तेव्हा ओपनच्या यादीतून त्याचं नाव काढलं गेलं. वर्षभरात क्लबने निर्णय फिरवला, मग नाव परत आलं. सांगायचा मुद्दा, भिंती तिथेही होत्या, आहेत. पण जमीन सार्वजनिक राहिली म्हणून भांडायला जागा राहिली.

आणि 'सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २०२२ मध्ये दीडशेवी ओपन याच मैदानावर झाली. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ शेवटच्या दिवशी ६४ फटके खेळून जिंकला. त्या आठवड्यात प्रेक्षक आले २ लाख ९० हजार. आणि गाव केवढं? जेमतेम आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं. २०२७ मध्ये ओपन पुन्हा तिथेच आहे. जागतिक दर्जा, जागतिक दर्जा म्हणतात तो आणखी काय असतो?

आपलाही धागा आहे बरं का. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ च्या ओपनमध्ये याच ओल्ड कोर्सवर खेळला आणि संयुक्त तिसावा आला. शुभंकर शर्मा २०२३ मध्ये हॉयलेकच्या ओपनमध्ये संयुक्त आठवा, भारतीयाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी. दोघंही लष्करी अधिकाऱ्यांची मुलं. छावणीतल्या मैदानांची दारं त्यांना उघडी होती. दार उघडं असलं की खेळाडू तयार होतो, इतकं साधं आहे.

आपल्या मैदानाचं दार आज उघडं आहे. पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी पळतात. सातला ज्येष्ठ मंडळी. शाळा सुटली की क्रिकेटच्या एका वेळी पाच मॅचेस, कोणाचा चेंडू कोणाचा फिल्डर अडवतो ते देवालाच ठाऊक. उद्या तासाला हजार रुपये दर लागला तर यातलं कोण आत असेल? भरतीला पळणारी पोरगी हजार रुपये कुठून आणणार?

देखभालीला पैसा लागतो, मान्य. कुंपणही लागेल, मान्य. मी गोल्फचं मैदान मागत नाही. मागणी एवढीच. एक, मैदान सार्वजनिक राहील हे ठरावात नुसतं तोंडी नको, लेखी हवं. दोन, भाडेपट्ट्याआधी खुली जाहीर सुनावणी घ्या, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे लोक येतील. तीन, टर्फ करायचंच तर एका कोपऱ्यात करा, आणि उरलेलं मैदान रोज फुकट खुलं ठेवा.

सन्माननीय सदस्यांना अभ्यास दौऱ्यांची आवड आहे, हे आपण जाणतोच. पुढचा दौरा खुशाल सेंट अँड्र्यूजला काढा. माझी एकच विनंती, रविवारी जा. गोल्फ बघायला मिळणार नाही. पण गावाचं मैदान म्हणजे काय, ते दिसेल.

पुढची बैठक आहे येत्या शुक्रवारी सकाळी अकराला. मी मागच्या बाकावर असेनच. या वेळी पुढचे बाक तुम्ही भरा.