कोऱ्या पंचनाम्यावरची सही



सावलीच्या बैठकीला येताना तुमच्यापैकी बहुतेकांना वाटेत एखादा तरी नाका लागेल. शिटी वाजते, टॉर्च डोळ्यांवर येतो, गाडी बाजूला घ्यावी लागते. या मुलखात त्याचे नवल कुणाला राहिलेले नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ साली उठली. तेव्हापासून वैनगंगेच्या अलीकडे परवान्याची दुकाने, पलीकडे बंदी आणि मध्ये पूल. दक्षिणेला तेलंगणाची सीमा आहे. मृग जवळ आला की तिकडून चोरबीटीची पाकिटे येतात म्हणून राजुरा-गोंडपिपरीकडच्या कापूसवाल्यांच्या गाड्या तपासल्या जातात. जंगलपट्टीतला नक्षल बंदोबस्त आणखी निराळा.

तपासणीच नको, असे आम्ही म्हणणार नाही. २०१० साली दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेलेल्या बाया आपल्याच घरच्या होत्या. त्यांच्या मागणीची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. झडती झाल्यावर कागदावर काय लिहिले जाते, आणि ते खरे की खोटे हे कोण पाहते?

आधी आमचीच चूक सांगतो. २०१६ च्या हिवाळ्यात एका सभेहून रात्री परतत होतो. एका नाक्यावर गाडी थांबवली. कागद पाहिले, मागचे दार उघडून पाहिले, सगळे ठीक होते. निघणार तोच जमादार म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले दिसता. एवढी एक सही मारून द्या ना. रात्रीचा पंच भेटत नाही." बाजूला विशीतला एक पोरगा उकिडवा बसला होता. त्याची मोटारसायकल आडवी पडलेली, शेजारी एक पिशवी. आमच्यापुढे आलेल्या कागदावर छापील मथळा सोडला तर काहीच नव्हते. थंडी मरणाची होती, घर चाळीस किलोमीटर दूर होते. आम्ही सही केली.

अडीच वर्षांनी कोर्टाचा समन्स आला. तिथे पंचनामा वाचून दाखवला. आमच्या समक्ष पिशवी उघडली, आमच्या समक्ष बाटल्या मोजल्या, आमच्या समक्ष लाखेचे सील लावले, असे त्यात सविस्तर लिहिले होते. आम्ही यातले काहीच पाहिले नव्हते. तसे सांगितले. सरकारी वकिलांनी आम्हाला फितूर ठरवले आणि आरोपी सुटला. बाहेर आवारात तो पोरगा पाया पडायला आला, तेव्हा आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण त्या पिशवीत दारू होती की नव्हती हे आम्हाला आजही ठाऊक नाही. तो विकणारा असेल, तर आमच्या सहीने सुटला. नसेल, तर आमच्याच सहीने अडीच वर्षे तारखा भोगल्या, आणि त्याची मोटारसायकल तेवढा काळ ठाण्याच्या आवारात ऊनपाऊस खात सडली.

पोलीस खोटे पंचनामे करतात अशी ओरड आपण पानठेल्यावर रोज करतो. पण त्या पंचनाम्याला लागणाऱ्या दोन सह्या आपल्यातल्याच कुणाच्या तरी असतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १०३ व्या कलमात (जुने १००) झडतीची रीत दिली आहे. झडतीपूर्वी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे. झडती त्यांच्या समक्ष करायची. सापडलेल्या वस्तूंची आणि त्या कुठे सापडल्या त्याची यादी करून तिच्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. ज्याच्या ठिकाणाची झडती होते त्याला हजर राहू द्यायचे आणि यादीची सही केलेली प्रत त्याला द्यायची. हे घरासाठी आहे, गाडीसाठी नाही, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. कायद्याच्या व्याख्येत 'ठिकाण' या शब्दात वाहनही येते. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, हेही त्याच कलमात आहे.

पंचालाही त्यात जागा आहे. लेखी आदेश दिल्यावर सबळ कारण नसताना पंच व्हायला नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे लेखी आदेश मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो मिळाला तर थांबणे आपले काम आहे. थांबलो की आधी पाहायचे, मग लिहिलेले वाचायचे, मग सही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगायचे.

नव्या संहितेतली सगळ्यात कामाची गोष्ट १०५ व्या कलमात आहे. झडती, जप्ती, यादी करणे आणि पंचांच्या सह्या, या सगळ्याचे चित्रीकरण करायचे, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. हे काम पोलिसांचे आहे. "साहेब, चित्रीकरण सुरू आहे ना?" एवढे शांतपणे विचारले तरी पुष्कळ फरक पडतो, असा आमच्या कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. विचारताना आवाज चढवू नका, हात तर मुळीच लावू नका. सरकारी कामात बळ वापरल्याचे जुने ३५३ कलम आता १३२ क्रमांकाने नव्या न्याय संहितेत बसलेच आहे.

कोर्टात पाहून घेऊ, हा भरवसाही फार धरू नका. झडतीत चूक झाली एवढ्यावरून सापडलेला माल पुराव्यातून बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरनमल खटल्यात १९७३ सालीच सांगितले आहे. म्हणून जे विचारायचे ते रस्त्यावरच विचारले पाहिजे, आणि जे लिहून घ्यायचे ते तिथेच.

गाडी थांबवून झडती घेण्याचा कायदा अमेरिकेतही दारूबंदीनेच घडवला, हे वाचून गंमत वाटेल. तिथे दारूबंदी असताना अंमलदारांनी कॅरोल नावाच्या इसमाची मोटार अडवली, आसनाच्या गादीत लपवलेल्या बाटल्या काढल्या. १९२५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मोटार पळून जाऊ शकते, म्हणून वॉरंटशिवाय झडती चालेल, पण संशयाला सबळ कारण हवे. तिथली दारूबंदी १९३३ साली गेली. मोटारीची झडती मात्र कायम राहिली.

कापूसवाल्याला हा अनुभव नवा नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, त्या काळात स्वतःच्या घरचा कापूस सीमेपार नेणारा शेतकरी तस्कर ठरत होता. आता बियाण्याची पाळी आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला केंद्राची मंजुरी नाही. ती खुली करावी यासाठी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ती जाहीरपणे पेरली आणि गुन्हे अंगावर घेतले. तो वाद वेगळा. नाक्यापुरते एवढेच सांगतो की सरकी हातात घेऊन ती एचटीबीटी आहे की साधी बीटी, हे कृषी पदवी घेतलेल्या आम्हालाही सांगता येत नाही, तर टॉर्चच्या उजेडात शिपायाला कुठून येणार? त्याला पट्टी चाचणी किंवा प्रयोगशाळा लागते. बियाणे कायद्यात नमुना घेण्याचे काम बियाणे निरीक्षकाचे आहे. नमुन्याचे तीन भाग करायचे आणि एक ज्याचे बियाणे त्याला द्यायचा, अशी रीत आहे. तेव्हा दुकानदाराचे बिल पाकिटांसोबतच ठेवा. कापूस विकून परतताना चुकाऱ्याची हिशेबपट्टीही खिशात असू द्या. आचारसंहितेच्या दिवसांत रोकड अडवली, तर तीच कामी येते.

गाडी जप्त झाली तर घरी बसू नका. जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे सडवू नयेत, बंधपत्र घेऊन लवकर सोडावीत, असा सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. दारूच्या गुन्ह्यात मात्र गाडी सुटणे कठीण जाते. कुणाची पिशवी छोट्या हत्तीत "तेवढी पुढच्या गावात उतरवून द्या" म्हणून घेताना हे आठवा.

उरली चिरीमिरी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. पण ज्याला ती द्यायला भाग पाडले, त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याच्यावर गुन्हा लागत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. सात दिवस म्हणजे एका डवरणीइतका वेळ, तेवढ्यात ठरवा. नाक्यावरचा शिपाई बारा बारा तास उभा असतो, त्याला रात्री पंच मिळत नाहीत, हे आम्हाला दिसते. त्यावर इलाज म्हणून प्रत्येक गावातून चार खरी माणसे पंच म्हणून यायला तयार असावीत, असा प्रस्ताव आम्ही सावलीला मांडणार आहोत. ही माणसे बोलावले की येतील, पाहतील, वाचतील आणि मगच सही करतील. आमचे नाव त्यात पहिले लिहून घ्यावे.

ज्यांच्याकडे गेल्या दोन वर्षांतली जप्तीची यादी असेल त्यांनी तिची प्रत बैठकीला आणावी. ज्यांना यादी मिळालीच नाही त्यांनी तारीख, जागा आणि गाडीतला माल कागदावर लिहून आणावा.