मगर पास, माणूस नापास

सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करायचा आणि शनिवार-रविवारी स्वतःसाठी मराठीत दोन पानं लिहायची, हा माझा बऱ्याच वर्षांचा नेम. त्यात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो माहितीये? विषय सुचत नाही याचा नाही. वेळ मिळत नाही याचाही नाही (तो मिळतच नाही, ते सोडा). वैताग येतो तो माझ्या व्यवसायबंधूंचा. घरी मराठी बोलणाऱ्या, डब्यात थालीपीठ आणणाऱ्या आणि कोड लिहायला बसले की मराठी नावाची भाषाच अस्तित्वात नाही असं वागणाऱ्या प्रोग्रामर मंडळींचा. आज जरा त्यांच्याशीच भांडायचं आहे.

आधी त्यांची नेहमीची सबब बघू. "अरे, देवनागरीला सपोर्टच नसतो ना!"

एके काळी हे खरं होतं. विंडोज एक्सपीवर मराठी दिसावं म्हणून सीडी शोधून जादा फाइली टाकाव्या लागायच्या. प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटचा फॉन्ट वेगळा. तो उतरवला नाही तर बातमीच्या जागी नुसता कचरा. कारण आत साठवलेली अक्षरं रोमनच असायची, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की संपलं.

पण ही सबब कधीच शिळी झाली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्या दिवसापासून आहे. तिचा तक्ताही इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतलेला. भारतीय भाषा संगणकावर आणण्यात मोठा वाटा असलेली सी-डॅक १९८८ साली स्थापन झाली ती पुण्यातच, म्हणजे आपल्या हिंजवडीपासून हाकेच्या अंतरावर. आज खिशातला प्रत्येक स्मार्टफोन देवनागरी दाखवतो. लिपी तयार आहे. तयार नाही ती आपली जमात.

पुरावा देतो. पायथन उघडा आणि 'मगर' या शब्दाला विचारा, बाबा रे, तुझ्यात सगळी अक्षरंच आहेत ना? त्यासाठी 'इजअल्फा' नावाचं तयार फंक्शन आहे. उत्तर येतं, हो. आता 'माणूस' विचारा. उत्तर येतं, नाही! कारण काना आणि उकार यांना युनिकोड 'अक्षर' म्हणत नाही, 'चिन्ह' म्हणतं, आणि हे फंक्शन फक्त अक्षरं मोजतं. मगर पास, माणूस नापास. त्या फंक्शनचा यात दोष नाही, त्याच्या माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. दोष आहे तो नावाच्या रकान्यावर हे फंक्शन बसवून, एकही मराठी नाव टाकून न बघता संध्याकाळी साडेसहाची कंपनी बस पकडणाऱ्याचा.

दुसरा नमुना. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या'. बघा बरं फरक दिसतो का. नाही ना? पण पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. दिसायला जुळे, कोडच्या लेखी परके. एकाचा शोध घेतला तर साध्या तुलनेत दुसरा सापडणार नाही. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशन चालवलं तरी दोघे वेगळेच राहतात. 'ॲप'चंही तेच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच लिहितात. हे जुळवून घ्यायला दहा-पंधरा ओळींचं फंक्शन पुरतं. पण ते लिहायचं कोणी? इमोजी नीट दिसत नाही म्हणून रात्री अकराला कॉल लावणारे आपण, आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकाच पंगतीत बसवून मोकळे होतो.

आता माझ्या गावाकडे या. गाव जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. (मुंबईचे मित्र 'जवळा बाजार' ऐकलं की सुक्या मासळीच्या बाजारात पोचतात. आमच्याकडे समुद्र नाही, हे त्यांना दर वेळी सांगावं लागतं.) हे नाव रोमनमध्ये कसं लिहाल? व साठी व्ही की डब्ल्यू? मधला ए ठेवायचा की गाळायचा? शेवटी एक ए की दोन? बाजारात झेड की जे? दोन शब्द जोडायचे की तोडायचे? पाच प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे एका गावाची बत्तीस स्पेलिंगं. आणि त्या बत्तिसांतल्या एकातही ळ नाही! मग रोमनवरून देवनागरी आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर त्याचं करतं 'जवला', 'जावला' किंवा 'जवाला'. कांबळ्यांचे कांबले होतात, काळ्यांचे काले.

परवा एका कंपनीच्या (नाव जाऊ द्या) फॉर्मात मूळ गाव भरायचं होतं. देवनागरीत लिहिलं, तर खाली लाल अक्षरांत उत्तर आलं की कृपया वैध नाव टाका. निजामाच्या राज्यात होतं, १९५६ साली मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्रात, १९९९ साली परभणीतून निघून हिंगोली जिल्ह्यात गेलं, एवढ्या सगळ्यातून टिकलेलं गाव एका रकान्यात अवैध ठरलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? माझं काही बिघडत नाही हो. मी रोमनमध्ये काहीतरी खरडतो आणि पुढे जातो. पण गावाकडच्या ज्ञानोबाचा विचार करा. सातबाऱ्यावर त्याचं नाव देवनागरीत. बँकेच्या पासबुकावर रोमनमध्ये, आणि ज्ञ कसा लिहायचा ते त्या दिवशी टेबलावर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर, डी-एन-वाय किंवा जी-वाय. आधारवर तिसरंच. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. आधारवरच्या नावाशी नाव जुळलं नाही की हप्ता अडकतो. मग तालुक्याच्या खेपा, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र. माणूस तोच, शेत तेच, फक्त दोन स्ट्रिंगांची तुलना फसलेली. आपल्या भाषेत हा 'लो प्रायॉरिटी' बग. त्याच्या भाषेत बुडालेला रोजगार.

शिवाय याला दुसरी बाजू आहे, आणि मराठवाड्याला ती चांगली माहीत आहे. निजामाच्या काळात सरकारी दप्तर उर्दूत असायचं, जुने कागद मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो, धडा एकच. नोंद असून उपयोग नाही, ती सापडली पाहिजे. आणि आज आपण काय करतोय? मराठी कागद स्कॅन करून फोटो म्हणून पीडीएफमध्ये चिकटवतोय. टाइप केलेल्या कित्येक पीडीएफमधूनही मजकूर उचलला की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. ही आपल्या हातची नवी मोडी आहे. फरक इतकाच की ती मोडी लिहिणाऱ्यांना निदान वाचता तरी यायची.

"आता एआय आहे, तो सगळं वाचेल", हे ताजं उत्तर. वाचेल की! पण जे तो अंदाजाने वाचेल त्याला नोंद म्हणत नाहीत. 'काले' बघून त्याने 'काळे' ओळखलं तर कौतुक आहे, पण खरोखरच 'काले' आडनाव असलेल्या माणसाचं काय? माहिती आत येतानाच नीट घेतली तर ओळखण्याचे खेळ करावे लागत नाहीत.

"आपले युजर इंग्रजीच वापरतात", हे दुसरं उत्तर. अहो, रकाना देवनागरी घेतच नसेल तर ते दुसरं काय वापरणार? दार बंद ठेवायचं आणि वर म्हणायचं, कोणी येतच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपल्या ऑफिसातही पेढे वाटले गेले असतील. उत्तम. पण भाषेचा दर्जा दिल्लीत ठरतो तसा तो नावाच्या रकान्यातही ठरतो, आणि तो रकाना आपल्या हातात आहे.

मोठी चळवळ नको, मोर्चा नको. सोमवारी एकच करा. तुमच्या प्रोजेक्टच्या टेस्ट डेटात 'जॉन डो'च्या शेजारी एक ओळ वाढवा. नाव ज्ञानोबा काळे, गाव जवळा बाजार, देवनागरीत. ती ओळ डेटाबेसात जाऊन तशीच बाहेर येते का, शोधल्यावर सापडते का, मधेच तुटते का, एवढं बघा. नापास झाली तर बग नोंदवा. मॅनेजरने 'प्रायॉरिटी काय?' विचारलं, तर त्याच्या गावाचं नाव विचारा आणि तेच टाकून दाखवा.

असो. माणूस पास होईपर्यंत भांडण चालू राहील.