आधी पाणी शोधा, मग फरशी फोडा!

छताला ओल आली की आपल्याकडे पहिला प्रश्न काय विचारला जातो? ‘वर कोण राहतं?’ पाणी कुठून येतंय हा प्रश्न नंतर, आणि बऱ्याचदा कधीच नाही. मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे की सोसायट्यांमधली ही भांडणं पाण्यामुळे कमी आणि या घाईमुळे जास्त होतात.

आमच्याच बिल्डिंगचं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या छताला बशीएवढा डाग पडला. वरच्या घरात एक रिटायर्ड काकू एकट्याच राहतात. कमिटीने त्यांना नोटीस धाडली, प्लंबरने खालूनच मान वर करून ‘बाथरूम लीक आहे’ असा निकाल दिला, झालं! ऑक्टोबरमध्ये काकूंनी बाथरूमची अख्खी फरशी फोडून नवीन वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पंधरा दिवस बिचाऱ्या शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होत्या. डाग सुकला, सगळे खूष. पुढच्या जूनमध्ये तो परत हजर! पाणी बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येत होतं. डाग सुकला तो पाऊस थांबला म्हणून, काकूंच्या खर्चाने नाही. ते पैसे त्यांना कोणी परत दिले नाहीत, हे सांगायला नकोच.

खरं तर पहिली टेस्ट फुकट आहे: नुसतं बघा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. गळती फक्त पावसात वाढते? मग गच्ची किंवा बाहेरची भिंत. वरच्यांच्या आंघोळीनंतर वाढते? मग ड्रेनेज किंवा मोरीची फरशी. रात्रंदिवस, कोणी नळ वापरो न वापरो, एकाच वेगाने ठिबकतंय? मग प्रेशर असलेली पाइपलाइन. अशा वेळी वरच्या घराचा मेन व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून बघायचं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला या सगळ्याला ‘लीकेज’ हा एकच शब्द होता. आजी मात्र ओल, पाझर, ठिबक, गळती असे वेगळे शब्द वापरते, आणि ते ऐकूनच अर्धं निदान होतं.

डाग जिथे आहे तिथेच वर भोक असेल असंही समजू नका. स्लॅबमधलं पाणी उताराने, भेगांतून, अगदी विजेच्या वायरींच्या कंड्युइटमधूनही सरकतं आणि पंख्याच्या हुकापाशी बाहेर येतं. (असं झालं तर आधी त्या लाइनचा एमसीबी बंद करा, डिटेक्टिव्हगिरी नंतर!)

बाथरूमवरच संशय असेल तर पाँडिंग टेस्ट करावी. नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं, फरशीवर दोन-एक इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबायचं. खाली ओल वाढली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही वाढली तर बूच काढून पाणी एकदम सोडायचं. आता ठिबकायला लागलं तर दोष ट्रॅपचा किंवा खालच्या जॉइंटचा. म्हणजे फरशी सगळी न फोडता काम होण्याची शक्यता आहे. पाण्यात रंग टाकण्याची युक्तीही चांगली; पण रंग खाली दिसला तरच पुरावा, नाही दिसला तर निर्दोष सुटका नाही, कारण कोबा आणि काँक्रीट रंग अडवू शकतात. शिवाय बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. त्यात साठलेलं पाणी गळती बंद झाल्यावरही काही दिवस झिरपत राहतं, म्हणून निकाल द्यायची घाई नको.

आणि ते खालून वॉटरप्रूफ पेंट मारणं! मला याची खरंच चीड येते. पाणी वरून येतंय आणि आपण खालून झाकण लावतोय. पाणी आतच राहतं, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. पोपडे पडणं परवडलं, निदान दिसतात तरी.

पैशाच्या दृष्टीनेही निदान महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपांची गळती हा सोसायटीचा खर्च. संडास, सिंक वगैरेची घरातली गळती त्या फ्लॅटवाल्याची. म्हणजे पाणी कुठून येतंय हे ठरल्याशिवाय बिल कोणाचं हेच ठरत नाही. तरी कमिट्या आधी नोटीस काढतात!

मला वाटतं, कमिटीने नोटिशीआधी टेस्ट सक्तीची करावी. टेस्टच्या वेळी दोन्ही घरांतलं एकेक माणूस हजर असावं, छताचे फोटो तारखेसकट काढावेत आणि कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पाण्याची बादली, एक बूच आणि दोन दिवस, एवढाच तर खर्च आहे.